सात माळ्यांच्या गेममधली म्हातारी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकदाही व्हिडिओ गेम खेळला नाही. मशीनचा दांडा हातात धरला असेल तो पुसण्यापुरता. तरी सुरतेत नवागामपासून पांडेसरापर्यंत लूमवर काम करणारी कितीतरी माणसं त्यांना गेमवाल्या मालतीबाई म्हणून ओळखत, आणि एका गेमच्या बाबतीत काही अडलं की त्यांना विचारायला मुद्दाम येत. हे कसं झालं ते मी सांगते, कारण त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

मी लग्न होऊन सुरतेला आले चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात. माहेर चाळीसगावचं. रिक्षा नवागामात शिरली तेव्हा मला वाटलं, आपण फिरून खानदेशातच आलो. पाट्या गुजरातीत होत्या, पण ओट्या-ओट्यावर अहिराणी चालली होती. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी. मागे दोन खोल्या, आणि पुढच्या खोलीला लोखंडी शटर. त्या खोलीत व्हिडिओ गेमची तीन मशीनं. माझ्या नवऱ्यानं, गोपालनं, लग्नाआधी ‘पुढं दुकान आहे’ एवढंच सांगितलं होतं. मी किराणा समजले होते.

सासूबाई मूळच्या शिंदखेड्याकडच्या. लहानपणी भर उन्हात बायकांच्या रांगेत कापूस वेचायला जायच्या. वेचता वेचता एखादी बाई गोष्ट सुरू करी, ती दमली की शेजारची पुढं नेई, आणि शेताच्या बांधापर्यंत पोचेतो गोष्टीतली राणी भलत्याच कुणाची तरी होऊन बसे. लग्नानंतर त्या सुरतेला आल्या आणि बमरोलीच्या एका कारखान्यात बॉबिन भरू लागल्या. तिथं लूमचा आवाज एवढा, की शेजारी उभ्या बाईशीही बोलता येत नसे. सगळी पाळी हाताच्या खुणांवर आणि ओठांच्या हालचालींवर निघायची. “उन्हानी सवय व्हयी जास,” त्या म्हणायच्या, “मुकं राह्यानी नही व्हस.”

सासऱ्यांना, म्हणजे दगानानांना, त्याच आवाजानं बहिरं केलं. लूमवरचं काम सुटलं तेव्हा त्यांनी रिंग रोडकडच्या एका बंद पडणाऱ्या पार्लरमधून ही मशीनं टेम्पोत घालून घरी आणली. त्यांना यंत्र उघडून बसायची आवड होती. तीन मशीनं एकदम ओरडायला लागली की गल्लीतले लोक कावायचे, पण नानांना त्याचं काहीच नसे. सासूबाईंनी बॉबिनचं काम सोडलं आणि टोकन द्यायला दाराशी स्टूल टाकून बसू लागल्या.

दोन मशीनं साधी होती. एकात गाड्या, एकात विमानं. तिसऱ्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. वरचा कागद कधीच फाटलेला, आणि पडद्यावरची अक्षरं जपानी की चिनी, तेही ठाऊक नव्हतं. निळे कपडे घातलेला एक माणूस सात माळ्यांच्या इमारतीत शिरतो आणि मारामारी करत वर चढतो, एवढाच खेळ. लोक त्याला ‘सात माळे’ म्हणायचे, आणि त्या माणसाला निळ्या. प्रत्येक माळ्यावर जिन्याच्या कोपऱ्यात तपकिरी शाल पांघरलेली एक म्हातारी बसलेली असायची. पुढ्यात दिवा. निळ्या तिच्यासमोर थांबला की तिचं तोंड हलायचं आणि खाली अक्षरांची ओळ यायची.

ती काय बोलते, हा सगळ्यांचा प्रश्न होता.

हा गेम सगळ्यांत चांगला खेळायचा मारुती. तो परभणीकडचा, आमच्याच गल्लीत भाड्यानं राहायचा आणि बमरोलीला लूम चालवायचा. तुटलेला धागा चालू लूमवर जोडणारी त्याची बोटं, ती दांड्यावरही तशीच चालत. सातव्या माळ्यापर्यंत जाणारा तो पहिला. तिथं एक दार आहे. ते उघडलं की पडदा पांढरा होतो, एक लांब ओळ येते, आणि निळ्या परत पहिल्या माळ्यावर उभा. तीच म्हातारी, तोच दिवा.

“म्हंजे ती त्याला फिरवती,” मारुती म्हणाला. “तिच्याशी बोललं की वरच्या माळ्यावर माणसं वाढतात. मी बघितलंय मोजून.”

“आणि तिच्याजवळ थांबलं की त्याच्या जिवाची लाल पट्टी वाढते, ते नाही पाहिलं?” सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या. “ती त्याला खाऊ घालते. जेवून जा म्हणते.”

“मावशी, जेवण घालून मारायला पाठवती का कुणी?”

“पाठवत नाही. तो जाणारच आहे, म्हणून घालते.”

दोघांचंही खरं होतं. पट्टी वाढायची आणि माणसंही वाढायची. कुणीतरी म्हातारीला टाळून वर जाऊन पाहिलं, तर सातव्या माळ्यावरचं दारच उघडलं नाही. मग त्यावर नवा वाद. डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, काम करणारा चिंधा म्हणायचा, ही इमारत म्हणजे कारखाना आहे आणि ते दार म्हणजे सुट्टीचा दिवस. उघडतं, आणि दुसऱ्या दिवशी परत खालपासून सुरू. यावर सगळे हसले, पण चिंधा हसला नाही. नाना बाजूला पेचकस घेऊन बसलेले असत. त्यांना विचारलं, तर ते पडद्याकडे निरखून बघत म्हणाले, “ती बोलत नही. काहीतरी चावी राहिनी.” म्हणजे, ती काहीतरी चावते आहे. बहिरेपणामुळं ते सगळ्यांचे ओठ वाचायचे, त्यामुळे त्यांचं म्हणणंही कुणी उडवून लावलं नाही.

दुकानात संध्याकाळी पुरुषांची गर्दी असे. दुपारी शटर अर्धं पाडलेलं. तेव्हा बाहेरच्या ओट्यावर आम्ही बायका बसायचो. भरतकामाच्या साड्या घरी यायच्या, त्यांच्या मागचे सुटे धागे कापायचं काम. मारुतीची बायको सखुबाई, शेजारच्या प्रमिलाबाई, मी आणि सासूबाई. मी नवीन होते, बारावी शिकलेली, आणि मला तिथलं कुणी ओळखत नव्हतं. कात्री चालवत गप्प बसायचे. माझ्यासाठी असेल किंवा स्वतःसाठी असेल, सासूबाईंनी एका दुपारी ‘सात माळ्यां’ची गोष्ट सांगायला घेतली.

सासूबाई सोडल्या तर आमच्यापैकी एकीनंही तो खेळ धड पाहिलेला नव्हता. पुरुषांच्या गर्दीत कोण जाणार? त्यामुळे सासूबाई जे सांगतील तेच आमच्यासाठी पडद्यावरचं. त्यांच्या गोष्टीत निळ्या नव्हता, भाऊ होता. त्याची बहीण वर कुठंतरी कामाला लागली होती आणि तिचा निरोप येणं बंद झालं होतं. प्रत्येक माळ्यावरची मारामारी त्या दोन वाक्यांत उरकायच्या, आणि म्हातारीजवळ आल्या की अर्धा तास. तिनं काय रांधलं, भावानं काय खाल्लं, ती काय बोलली. प्रमिलाबाई मधेच म्हणायच्या, “डाळगंडोरी केली असती तर?” मग दुसऱ्या दिवशी म्हातारी डाळगंडोरी करायची.

चौथ्या माळ्यावर गोष्ट अडली ती सखुबाईमुळं. तिनं हातातली साडी खाली ठेवली.

“मावशी, मला एक सांगा. ह्या म्हातारीला तुम्ही किती दिस बसवून ठेवणार वो? येणाऱ्याला घालती, जाणाऱ्याला घालती. तिला उठू द्या की एकदा.”

“मशीनमध्ये ती बसलेलीच आहे.”

“मशीन राहू द्या तिकडं. तुम्ही उठवा.”

सासूबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांच्या गोष्टीत म्हातारीनं दिवा उचलला, गुडघ्यावर हात टेकला आणि ती उठली. भावाला म्हणाली, चल, मीही येते, मला वरचं काहीच माहीत नाही. आम्ही सगळ्या कात्र्या थांबवून ऐकत होतो. सखुबाई खूश झाली.

तिनं घरी जाऊन मारुतीला जेवताना सांगितलं, “तुमच्या गेममधली म्हातारी उठली म्हणं.” पुढं काही सांगायच्या आत तो हात धुऊन दुकानात आला.

“मावशी, कितव्या माळ्यावर?”

सासूबाईंना आधी कळेचना. कळल्यावर त्या म्हणाल्या, “अरे, गोष्टमा उठनी ती. मशीनमा नही.”

मारुती हसला. “तुम्ही सांगत नाही, म्हंजे काहीतरी आहे.”

त्या दिवसापासून तो चौथ्या माळ्यावर अडकला. म्हातारीसमोर निळ्याला उभा करून ठेवायचा. कधी दांडा खाली दाबून, कधी बटण न दाबता, कधी तिच्याभोवती फेऱ्या मारून. कुणी म्हणालं, जिवाची पट्टी अगदी संपत आली असली तरच उठते. कुणी म्हणालं, खालच्या तिन्ही माळ्यांवर एकालाही न मारता यायला पाहिजे. हे कुठून आलं, कोण जाणे. आठवडाभरात पांडेसरातली दोन माणसं सायकलवरून आली आणि विचारू लागली, म्हातारी उठते ती हीच का? बमरोलीच्या कॅन्टीनमध्ये ऐकलं म्हणे. सासूबाईंनी त्यांनाही तेच सांगितलं, की ती माझी गोष्ट आहे. ते समजूतदारपणे मान हलवून आत गेले आणि चौथ्या माळ्यावर उभे राहिले.

“खोटं सांगते आहे असं त्यांना वाटतं का?” मी विचारलं.

“खरं सांगते ते त्यांना खोटं वाटतं,” त्या म्हणाल्या. त्यांना त्याचा राग नव्हता. थोडी गंमतच वाटत होती, असं मला तेव्हा दिसलं.

गंमत संपली ती पावसाळ्यात. मारुती पाळी सुटली की घरी न जाता थेट दुकानात येई, आणि झोपायच्या वेळी खेळत बसे. एकदा लूमवर उभ्या उभ्या त्याला डुलकी लागली. पूर्ण पन्ह्याचे ताणे, म्हणजे कापडाचे उभे धागे, तुटले. शेठनं त्याला आठवडाभर घरी बसवलं. सखुबाई दुपारी ओट्यावर आली, पण साडी घेतली नाही.

“मावशी, त्यांना सांगा, मी म्हणले म्हणून तुम्ही उठवली. माझ्या तोंडचं ते ऐकत नाहीत.”

सासूबाई तशाच उठल्या आणि मारुतीच्या खोलीवर गेल्या. मी बरोबर होते. तो भिंतीला टेकून बसला होता. सासूबाईंनी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. डाळगंडोरीसुद्धा सांगितली. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं.

“बरं,” तो म्हणाला. “पण मावशी, पांडेसरातल्या माणसानं डोळ्यांनी बघितलीय.”

“त्यानं माझंच ऐकलं असेल, कुणाकुणाच्या तोंडून.”

“तुम्ही मनानं सांगितलं हे मान्य. पण मनानं सांगितलेलं मशीनमध्ये नसलंच पाहिजे, असं कुठंय?”

सासूबाई उठल्या. दुकानात आल्यावर त्यांनी नानांना खुणेनं सांगून ‘सात माळ्यां’ची वायर काढायला लावली आणि त्यावर चादर टाकली. लोक विचारू लागले तर म्हणाल्या, बिघडलंय. मारुती कामावर परत गेला तरी त्यांनी ती चादर काढली नाही.

ओट्यावरची गोष्टही थांबली. म्हातारी आणि भाऊ पाचव्या माळ्याच्या जिन्यात तसेच राहिले.

सप्टेंबरात शहरात प्लेगची बातमी पसरली. दोन दिवसांत गल्ली ओळखू येईना. जो तो तोंडाला फडकं बांधून बोचकी आवळत होता. मेडिकलच्या दुकानांत गोळ्या मिळेनात. गोपाल कामाला होता त्या कारखान्याला टाळं लागलं. आम्ही चौघं शिंदखेड्याकडं निघालो, आणि मारुती-सखुबाईही आमच्याच गाडीनं जळगावपर्यंत निघाले. तिथून ते मनमाडवरून परभणीला जाणार होते. उधना स्टेशनावर सकाळी गाडीत शिरणं म्हणजे काय होतं, ते मी लिहीत नाही. गोपालनं मला खिडकीतून आत ढकललं एवढं सांगते.

व्यारा मागं पडल्यावर सखुबाईला खोकला लागला. तिला धूळ सोसत नसे, धागे कापतानाही ती खोकायची. पण डब्यात ते कुणाला माहीत? आसपासची माणसं उठून उभी राहिली. एकजण म्हणाला, पुढच्या स्टेशनाला हिला उतरवा. दुसऱ्यानं तिचं बोचकं उचलून दाराकडं सरकवलंही. मारुती मधे उभा राहिला. खोकला काही थांबेना.

सासूबाई जागेवरून उठल्या, सखुबाईच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तोंडावरचं फडकं त्यांनी काढून टाकलं.

“मी रोज दुपारी हिच्याजवळ बसते,” त्या डब्याला उद्देशून म्हणाल्या. “धूळ लागली की खोकते. हिला उतरवायचं तर मलाही उतरवा. नवागामला माझं दुकान आहे, कुणालाही विचारा. गेमवाली मालतीबाई म्हणतात मला.”

मग दाराजवळच्या बाकावरून एक माणूस उठला. गमछ्यात त्याचे फक्त डोळे दिसत होते.

“सात माळेवाल्या तुम्हीच का?” त्यानं विचारलं. “मी बमरोलीला डाइंगमध्ये असतो. तुमच्याकडं आलो नाही कधी. पण ती म्हातारी उठताना मी पाहिलीय.”

मारुतीनं वळून पाहिलं. “कुठं?”

“भेस्तानला एक मशीन आहे.”

“कितव्या माळ्यावर?”

“चौथ्या. दिवा उचलते, गुडघ्यावर हात टेकते.”

सखुबाईचा खोकला जरा कमी झाला होता. तिनं सासूबाईंच्या मांडीवरून मान वर केली आणि त्यांच्याकडं पाहिलं. सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि त्या माणसाला विचारलं, “मग कुठं जाते ती?”

“खाली.”

“खाली? वर नाही?”

“वर काय आहे? एक दार आहे आणि परत पहिला माळा. ती जिना उतरून खाली जाते. तिच्या मागं निळ्या. रस्त्यावर येतात आणि गेम बंद पडतो.”

“बंद पडतो की संपतो?” मारुती म्हणाला.

“त्यात काय फरक?”

“लई फरक आहे.”

बोचकं दाराकडं सरकवणाऱ्यानं विचारलं, हे काय चाललंय? मग त्याला निळ्या कोण, माळे कोणते, हे सांगावं लागलं. मारुतीनं अर्धं सांगितलं, गमछेवाल्यानं अर्धं. वरच्या बर्थवरून कुणीतरी म्हणालं, ती म्हातारी त्या निळ्याची आई असणार, म्हणून तर प्रत्येक माळ्यावर आधी पोचते. सगळेच काही निवळले नाहीत. एक कुटुंब आमच्यापासून उठून डब्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं ते गेलंच. पण सखुबाईला उतरवायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. नवापूर आलं, नंदुरबार आलं. नंदुरबारला चहा घेताना सासूबाई मला हळूच म्हणाल्या, “खाली जास ती. माले हाई सुचनंच नही.”

दिवाळीनंतर आम्ही परतलो. गल्लीतल्या बऱ्याच खोल्यांना कुलपं होती, काही कायमचीच. चिंधा परत आला नाही. गावाकडं तो शेतीला लागला, असं कळलं. मारुती आणि सखुबाई मात्र आमच्या आधीच येऊन पोचले होते. सासूबाईंनी दुकान उघडल्यावर पहिलं काम केलं ते चादर काढायचं. मशीन लावलं, तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा. नानांनी दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले.

उधन्याहून योगेंद्र नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. तो सुरतेतच वाढलेला, बोलताना अर्धं गुजराती अर्धं मराठी. त्यानं मागची फळी काढली, बोर्ड साफ केला, एक भाग बदलला. चित्र आलं. मग त्यानं बोर्डावरच्या छोट्या पांढऱ्या बटणांपैकी एक उलटं केलं, आणि पडद्यावर खेळाऐवजी एकेक चित्र येऊ लागलं. निळ्याचा हात वर, निळ्याचा हात खाली, निळ्या पडलेला.

“हे काय?” मारुतीनं विचारलं. तो अर्थातच तिथं होता.

“चेकिंग. आ गेममां जेटलां चित्र छे, बधां अंदरज होय. सगळी एकामागून एक दिसतात.”

“सगळी? खेळताना दिसत नाहीत तीसुद्धा?”

“बधां.”

मारुतीनं सासूबाईंकडं पाहिलं. आता म्हातारी उठते की नाही, याचा निकाल लागणार होता. मला वाटलं सासूबाई नको म्हणतील. त्या उठल्या, आणि मला म्हणाल्या, “सखुबाईला बोलाव. प्रमिलाबाईलाही.”

अशा रीतीनं आम्ही बायका पहिल्यांदा त्या खोलीत मशीनपुढं उभ्या राहिलो. योगेंद्रनं दांडा एकेक घर पुढं न्यायला सुरुवात केली. शत्रू आले, जिने आले, दार आलं. मग म्हातारी. बसलेली, तोंड मिटलेलं. बसलेली, तोंड उघडं. बसलेली, मान खाली. नाना म्हणाले, “देखा, चावी राहिनी.” त्यानंतर दिवा आला, एकटाच. मारुतीनं श्वास सोडला.

योगेंद्रनं दांडा आणखी एकदा हलवला. पडद्यावर एक बाई उभी होती. तीच तपकिरी शाल, हातात तोच दिवा. पण तरुण. केस काळे, पाठ ताठ.

मारुती पडद्यापाशी वाकला.

“हे कुठल्या माळ्यावर येतं?” मारुतीनं विचारलं.

“क्यांय नहीं. कुठंच येत नाही. काढलं असेल आणि वापरलं नसेल. घणा बोर्डमां एवुं होय छे.” योगेंद्रला त्यात काही विशेष वाटलं नाही. तो पुढं जाऊ लागला, तर चारही बाजूंनी त्याला थांबवलं.

“ही ती नव्हं,” सखुबाई म्हणाली. “ही तिची सून.” आणि माझ्याकडं बघून हसली.

“सून असती तर शाल दुसरी असती,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “सासूची शाल कोण पांघरतं?”

मारुती म्हणाला, “म्हंजे उभी आहे. मशीनमध्ये आहे. आपल्याला आणता येईना, ही गोष्ट वेगळी.” त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव नव्हता. एखादी दुखती दाढ निघाल्यावर माणूस बसतो तसा तो स्टुलावर बसला.

सासूबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. त्यांनी पदरानं काच पुसली.

“ही तीच आहे,” त्या म्हणाल्या. “त्या इमारतीत आली त्या दिवशीची. तेव्हा बसायला जागा नसेल मिळाली.”

योगेंद्रनं बटण सरळ केलं आणि खेळ परत सुरू झाला. आम्ही बायका घरी न जाता तिथंच थांबलो, आणि मारुतीनं आम्हाला पहिल्यापासून सातव्या माळ्यापर्यंत खेळून दाखवलं. पडद्यावरची म्हातारी आमच्या गोष्टीतल्या म्हातारीपेक्षा फारच लहान होती, बोटाएवढी. प्रमिलाबाईंची निराशा झाली.

दुसऱ्या दुपारपासून ओट्यावर गोष्ट पुन्हा सुरू झाली, पण आता सासूबाई एकट्या सांगत नव्हत्या. सखुबाईची म्हातारी वर जायची, प्रमिलाबाईंची कुठंच जायची नाही, आणि सासूबाईंनी रेल्वेतल्या माणसाचं ऐकून आपली म्हातारी खाली रस्त्यावर आणली. तिथं तिनं काय केलं, हे ठरवायला हिवाळा गेला. मीही बोलू लागले. त्या तरुण बाईची जबाबदारी माझ्यावर होती. संध्याकाळी पुरुष आले की दुपारचं त्यांना कळायचं, आणि त्यांचे शोध आम्हाला. मारुती आठवड्यातून एक दिवस खेळायचा, सुट्टीच्या दिवशी. सखुबाईनं तसं त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

पुढं घरोघरी टीव्हीला जोडायचे गेम आले आणि दुकान ओसरत गेलं. अठ्ठ्याण्णवमध्ये नानांनी गाड्यांचं आणि विमानांचं मशीन भंगारात घातलं. ‘सात माळे’ कामरेजजवळच्या एका हॉटेलवाल्यानं हायवेवरच्या ट्रकवाल्यांसाठी नेलं. मशीन टेम्पोत चढवताना त्यानं सासूबाईंना विचारलं, “माजी, आमां स्टोरी शुं छे?”

दांडा डावीकडं अडकतो, टोकन जोरात टाकायचं नाही, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून मागं बल्ब लावून ठेवायचा, हे सगळं सासूबाईंनी त्याला नीट समजावलं. आणि स्टोरीचं विचारलंस, तर तुझं गिऱ्हाईक तुला सांगेल, असं म्हणाल्या.

आता त्या पुढच्या खोलीत पंखा आहे. उन्हाळ्यात बायका ओट्यावर बसत नाहीत, शटर वर करून आत बसतात. साड्यांवर खडे चिकटवायचं काम आलंय, त्याला वारा चालत नाही, म्हणून पंखा हळू ठेवावा लागतो. सासूबाईंना आता बारीक दिसत नाही. त्या खडे रंगाप्रमाणे वाट्यांत काढून देतात आणि बोलत असतात.